त्रास केव्हापासून

नाशिक, ८ डिसेंबर २०२५

दादा,

हे पत्र आईच्या एक्स-रेच्या पाकिटात ठेवते आहे. तू माझा फोन उचलत नाहीस, आणि व्हॉट्सअ‍ॅपवर माझ्या निरोपाला एकच खूण येऊन राहते. एक्स-रे मात्र तू उघडशील. त्यातलं काही कळत नाही म्हणतोस, तरी दर वेळी दारात उभं राहून उजेडाकडे धरतोस, हे आईनं सांगितलं आहे.

पंधरा दिवसांतून एका सोमवारी तू आईला पिकअपमधून चांदवडहून आणतोस, हॉस्पिटलच्या फाटकाशी उतरवतोस आणि समोरच्या चहाच्या टपरीपाशी गाडी लावून बसतोस. मी दुसऱ्या मजल्यावर, विम्याच्या कागदांच्या खिडकीला. तिथून पिकअपचं टप दिसतं. आज तू पावणेदोन तास बसलास.

तुझा राग मी नाकारत नाही. आईच्या उजव्या गुडघ्याचा सांधा बदलायच्या दोन दिवस आधी विमा कंपनीला पाठवायचा फॉर्म मी भरत होते. तू मला जिन्यात गाठलंस. म्हणालास, "तीन महिन्यांपासून दुखतंय असं लिही. कोण बघायला येतंय?" मी म्हणाले, "मी इथं नोकरी करते, खोटं लिहिणार नाही." आणि मी तीन वर्षं लिहिलं. आपली पॉलिसी सव्वादोन वर्षांची. दुखणं पॉलिसीच्या आधीचं होतं आणि आपण ते लपवलं, असं म्हणून कंपनीनं नकार दिला. तू कांदाचाळीत राखलेला उन्हाळ कांदा भाव नसताना त्याच आठवड्यात विकायला काढलास आणि बिल भरलंस. नंतर काउंटरपाशी, लोकांदेखत म्हणालास, "हिला शिकवलं तिथंच चुकलं."

त्यावर मला बोलता आलं नाही, आजही येत नाही. पण मी खोटं लिहिलं नाही. आईला विचारूनच लिहिलं.

आता कामाचं. ऑपरेशनच्या पॅकेजमध्ये पुढच्या तपासण्या, ड्रेसिंग, टाके काढणं हे सगळं धरलेलं असतं. आईच्या बिलात टाके काढायचे आठशे रुपये वेगळे लावले होते. मी ते दाखवल्यावर परत निघाले. मग मला राहवेना, म्हणून त्या महिन्यात सांधे बदललेल्या सगळ्यांची बिलं काढली. अकरा जणांना तसेच लागले होते. कॉम्प्युटरमधली एक ओळ चुकीची होती. आमच्या प्रमुख सुधा मॅडमनी कपाळाला हात लावला, ओळ दुरुस्त करून घेतली आणि अकरा जणांना फोन करायचं काम मला दिलं. सुरगाण्याच्या एका बाबांना दवाखाना पैसे परत द्यायला फोन करतो हे पटेचना. शेवटपर्यंत ते म्हणत होते, "मी ओटीपी सांगणार नाही." आपले आठशे तुझ्या खात्यावर येतील. ते माझ्याकडून आले असं समजू नकोस, हॉस्पिटलचेच आहेत.

डॉक्टर म्हणतात, डावा गुडघाही पावसाळ्याच्या आत करायला हवा. सगळा भार त्याच्यावर येतो आहे. आई तयार नाही. फिजिओथेरपीच्या टेबलावर बसून तिनं मला सांगितलं, "तुमी दोघं बोलत नाय तवर मी दुसरा पाय देनार नाय." दादा, तिचा पाय तरी यात नको.

हर्षाली


नाशिक, २२ डिसेंबर

दादा,

मागचं पत्र फाडलं नसशील तर त्यातली एक ओळ खोड. 'आईला विचारूनच लिहिलं', ही.

आज दुपारी आईचा व्यायाम चालू होता. तिला व्यायाम देणारी स्वानंदी नाशिकचीच, बोलकी आहे. गुडघा वाकवता वाकवता तिनं सहज विचारलं, "मावशी, मुळात हे सुरू कधी झालं?"

आई म्हणाली, "रांगडा कांदा काढाया बसले आन् उठताच येईना. मग उन्हाळ काढला तो पाय लांब करून. लाल कांद्याला तर नुसती बांधावर बसून बायांवर ओरडत व्हते. तीन कांदे झाले ना बाई."

"तीन कांदे म्हणजे किती?"

"आता मोज की तूच. माघात रांगडा निघाला. एक वरीस बी नाय झालं."

स्वानंदी हसली. मी आईची चप्पल हातात घेऊन तशीच उभी राहिले.

फॉर्म भरताना मी विचारलं होतं, त्रास केव्हापासून? आई म्हणाली, तीन कांदे झाले. मी तीन वर्षं लिहिलं. पेन थांबलंसुद्धा नाही.

तुला आठवत असेल, आण्णा गेले तेव्हा मी सातवीत होते आणि तू शाळा सोडलीस. पुढं नववीत बाईंनी विचारलं, वडील जाऊन किती झालं? मी म्हणाले, दोन कांदे. वर्ग हसला, पण ती बरोबर दोन वर्षं होती. आपल्या वावरात तेव्हा वर्षाला एकच कांदा निघायचा. फेब्रुवारीत विहीर तळ दाखवायची. घरात सगळं त्यावरच मोजलं जायचं, कोणाचं लग्न, कोणाचं बाळंतपण, म्हशीचं वय. मी अकरावीला नाशिकला आले ती हेच माप घेऊन.

शेततळं तू नंतर केलंस. तळाला प्लॅस्टिकचा कागद अंथरतानाचे, पहिलं पाणी सोडतानाचे फोटो मला पाठवले होतेस. मी प्रत्येकाखाली अंगठा पाठवला. वर्षभर पाणी आलं म्हणजे वर्षाला रांगडा, उन्हाळ, लाल असे तीन कांदे निघणार, हे माझ्या डोक्यात आलंच नाही. आत्ता भाऊबीजेला आले तेव्हा लाल कांदा वावरात उभा होता. मी त्याच्या बांधावरून चालत आले, तुला ओवाळलं आणि संध्याकाळच्या बसनं परत गेले.

म्हणजे मी लिहिलं ते खरं नव्हतं. तू सांगितलंस तेही नव्हतं. पण तुझं जास्त जवळ होतं.

आता काय करायचं ते मला अजून कळत नाही. कंपनीच्या नकाराच्या पत्रात फेरविचाराच्या अर्जासाठी ३१ जानेवारीपर्यंत मुदत दिली आहे. मी सुधा मॅडमशी बोलेन. आज बोलले नाही. धीर झाला नाही.

हर्षाली


नाशिक, ५ जानेवारी २०२६

दादा,

मागच्या वेळी एक्स-रेचं पाकीट परत आलं त्यात फक्त एक्स-रे होता. म्हणजे पत्र तू काढून घेतलंस. वाचलंस का, ते आईला विचारलं तर म्हणाली, "मला काय ठाव, तो गोठ्यात गेला घिऊन." मी त्याचा चांगला अर्थ घेते आहे.

सुधा मॅडमशी बोलायला मला सात दिवस लागले. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "हर्षाली, रोज दहा नातेवाईक येतात आणि म्हणतात, मॅडम, तेवढं तीनचं एक करा. तू अकरावी."

"मॅडम, पण खरंच एक वर्षसुद्धा नाही."

"तेही हेच म्हणतात."

 दादा, त्या जागी मी असते तर मीही हेच म्हणाले असते. कित्येकदा म्हणाले आहे. समोरच्या माणसाकडे न बघता, कागद परत सरकवत.

मॅडमनी चष्मा काढून पुसला. "कांदा मला समजला," त्या म्हणाल्या. "कंपनीचा डॉक्टर कुठंतरी मुंबईला बसलेला असेल, त्याला समजेल असा कागद आण. आणि एक. या फाईलला तू हात लावायचा नाही. तुझी आई आहे. अर्ज मी बघेन."

मला फक्त एक कागद लिहून द्यायचा आहे. फॉर्म मी भरला, रुग्णाचं बोलणं समजून घेण्यात माझी चूक झाली, असं. माझ्या नावानं, माझ्या सहीनं. नोकरी जाईल का, असं मी विचारलं. म्हणाल्या, जाणार नाही, पण फाईलला राहील. तुला माहीत आहे, गृहपाठाची वही तपासायला देताना मी ती पुन्हा पुन्हा बघत राहायचे आणि तू म्हणायचास, बाई काय खाणार आहेत का तुला. हा कागद मी चार वेळा लिहिला आहे. चौथ्यात खाडाखोड नाही.

आता जे लागणार ते तुझ्याकडेच आहे. माघात तू आईला चांदवडच्या डॉक्टरांकडे नेलं होतंस, त्यांनी इंजेक्शन दिलं होतं. त्या चिठ्ठीवर तारीख असेल. आणि तिन्ही कांद्यांच्या लिलावाच्या पावत्या. बाजार समितीच्या शिक्क्याच्या, तारीख असलेल्या. तू सगळं दाराआडच्या तारेला खोचून ठेवतोस, अजून तसंच करत असशील असं धरून मागते आहे.

पाकिटात ठेव. माझ्याशी बोलू नकोस हवं तर.

हर्षाली

तिळाच्या वड्या आईच्या पिशवीत आहेत. संक्रांतीला नऊ दिवस आहेत, पण पुढची खेप त्यानंतरची.


नाशिक, १९ जानेवारी

दादा,

पाकीट आज जड लागलं तेव्हाच कळलं. ते मी जिन्यात उभी राहून उघडलं.

तीन पावत्या, मधोमध तारेचं भोक. प्रत्येकीच्या मागं तुझं पेन्सिलचं अक्षर. रांगडा, उन्हाळ, लाल. आणि डॉक्टरांची चिठ्ठी. १८ फेब्रुवारी २०२५. उजवा गुडघा, आठ दिवसांपासून दुखतो. आठ दिवसांपासून, दादा. इतकं स्वच्छ लिहिलेलं होतं, आणि ते तुझ्या दारामागं होतं, आणि मी तिथं कधी विचारलंच नाही.

माझं पहिलं पत्रही परत पाठवलंस. आधी वाटलं, न वाचताच परत केलंस. मग कोपऱ्यात तुझं पेन्सिलचं अक्षर दिसलं. 'अक्षर एवढं मोठं कशाला काढते. मला दिसतं.' ते मी तीनदा वाचलं. तुला सोपं जावं म्हणून मोठं काढत होते, या पत्रात नेहमीचं काढते आहे.

कागद घेऊन सुधा मॅडम आईचं ऑपरेशन केलेल्या डॉक्टरांकडे गेल्या, मला बरोबर नेलं. डॉक्टर मूळचे निफाडचे. मी सांगायला लागले तर अर्ध्यातच म्हणाले, "रांगडा धरून तीन ना? मग वर्ष कुठलं झालंय." मग माझ्याकडे बघून विचारलं, "तू चांदवडची ना गं?" मी हो म्हणाले. त्यांनी लगेच फाईल पुढं ओढली, ते बरं केलं. जुनी नोंद त्यांनी खोडली नाही. तिच्याखाली नवी नोंद केली, आजची तारीख घातली, सही केली आणि चांदवडच्या चिठ्ठीची प्रत मागं जोडली. असंच करायचं असतं.

आता एकच राहिलं. पॉलिसी तू घेतलेली, म्हणून अर्जावर सही तुझी लागते. ती इथं येऊन, मॅडमच्या समोर करायची. मुदत ३१ ला संपते. म्हणजे पुढच्या खेपेच्या सोमवारची वाट न बघता तुला मुद्दाम यावं लागेल, आणि टपरीवरून नाही, वर. लिफ्ट बंद आहे. जिन्यानं यावं लागेल, त्याच.

तू येशील की नाही, मला माहीत नाही. म्हणून एक गोष्ट आत्ताच सांगून टाकते. आतापर्यंत मी ती टाळत आले.

फॉर्म भरताना, तीन वर्षं लिहिल्यावर, एकदा मनात आलं होतं की दादाला विचारून घ्यावं. आईला तोच दवाखान्यात नेतो, त्याला नीट माहीत असेल. तू खाली मेडिकलपाशी उभा होतास. दोन जिने. पण दहाच मिनिटांपूर्वी तू तीन महिने लिही म्हणाला होतास. मला वाटलं, आता हा काहीही सांगेल. म्हणून मी विचारलं नाही. मी खोटं लिहिणार नाही असं तुला म्हणाले, त्याच्या मागं खरं हे होतं, की तू खरं सांगशील असं मला वाटलं नव्हतं.

चूक कांद्यात झाली असं मी सगळ्यांना सांगते आहे. कागदावरही तेच लिहिलं आहे. पण आधी ती इथं झाली.

हर्षाली


नाशिक, ३० जानेवारी

दादा,

आज तू समोर बसला होतास, तरी लिहिते आहे. समोर बोलता आलं नाही. मागं रांग होती.

दुपारचे साडेतीन वाजले तेव्हा मी खिडकीतून बघणं सोडून दिलं होतं. उद्या मुदत संपणार होती. मग मान वर केली तर तू काउंटरच्या पलीकडे उभा. पायजम्याला लाल माती, हातात आईची फाईल. मी रोज विचारते तेच विचारलं.

"पेशंटचं नाव?"

"तुला माहीत नाय व्हय?"

"विचारावं लागतं."

"कुसाबाई पुंजा गांगुर्डे."

"तुमचं नातं?"

"ल्योक." मग तू माझ्याकडे बघून म्हणालास, "आन् तुमचं?"

रांगेतले दोघं-तिघं हसले. मी म्हणाले, लेक. ते फॉर्ममध्ये लिहायचं नसतं, पण मी म्हणाले.

सुधा मॅडमनी तुला खुर्ची दिली आणि फाईल पुढं ठेवली. तू सही केली नाहीस. आधी माझा कागद काढलास आणि ओळीखाली बोट धरून सगळा वाचलास. मला वाटलं, मॅडम घाई करतील. त्यांनी दुसऱ्या माणसाला थांबायला सांगितलं.

वाचून झाल्यावर तू म्हणालास, "यात लिवलंय का चूक तुझी."

"हो."

"माझी बी हे. मी ते तीन महिने म्हनलो नसतो तर तू खाली येऊन इचारलं असतंस." मग सही करता करता, मान खालीच ठेवून, "दोघांनी मिळून आईला दोन वर्सं म्हातारं केलं."

मॅडम हसल्या. मला हसू आलं आणि डोळे पुसायला लागले, दोन्ही एकदम. तू तिकडं बघितलं नाहीस, ते मला माहीत आहे मुद्दाम होतं.

म्हणजे मागचं पत्र तू शेवटपर्यंत वाचलंस. मला त्याचीच भीती होती.

जाताना जिन्याच्या तोंडाशी तू म्हणालास, "शिकवलं ते चुकलं नाय. रागात म्हनलो." आणि मी काही बोलायच्या आत दोन-दोन पायऱ्या उतरत गेलास. तेव्हा बोलता आलं नाही ते आता लिहिते. तू शाळा सोडलीस म्हणून माझी सुटली नाही. हे मी कुठल्याच कागदावर कधी लिहिलं नव्हतं.

अर्ज पावणेपाचला गेला. पोचल्याचा क्रमांक सोबत लिहिला आहे. निकाल काय येईल ते मला सांगता येत नाही. कंपन्या हो म्हणतात तशा नाहीही म्हणतात, आणि मी खोटी आशा लावणार नाही. पण या वेळी कागदावर आहे ते सगळं खरं आहे.

माझं पेन तू खिशाला लावून घेऊन गेलास.

हर्षाली


नाशिक, १६ मार्च

दादा,

आता तू फोन उचलतोस, तरी हे पाकिटातच ठेवते. सवय झाली आहे.

क्लेम मंजूर झाल्याचं शुक्रवारी फोनवर सांगितलंच. तू "बरं" म्हणालास आणि पाण्याची मोटार बंद करायला गेलास. आज लेखी पत्र आलं, त्याची प्रत आत आहे. हातमोजे, कापूस, असल्या बारीक गोष्टींचे पैसे त्यांनी कापले आहेत, ते नियमाप्रमाणे बरोबर आहेत, मी तपासले. बाकी सगळं तुझ्या खात्यावर येईल. चाळीतल्या कांद्याचा तेव्हा बुडालेला भाव काही परत येणार नाही. त्याला माझ्याकडे उपाय नाही.

माझ्या फाईलला चुकीच्या कबुलीचा कागद लागला आहे. तो राहील. पण सुधा मॅडमनी नवीन मुलींना शिकवायला मला बसवलं आहे. त्यांना सांगते, त्रास केव्हापासून, हे एकदा विचारून थांबायचं नाही. पेशंट पेठ-सुरगाण्याकडचा असला तर नागलीची रोपं लावली तेव्हा होतं का विचारा, मालेगावचा असला तर रमजानच्या आधी की नंतर. मग कॅलेंडर काढा. आणि बरोबर आलेल्या माणसालाही विचारा, तो कितीही चिडलेला असला तरी. परवा एक मुलगी म्हणाली, मॅडम, एवढं कोण विचारत बसतं? मी म्हणाले, आपण.

आईला आज क्लेमचं परत सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मंग डावा कधी?" मी म्हणाले, तू तर देणार नव्हतीस. म्हणाली, "आता बोलता ना दोघं? घ्या मग." स्वानंदी म्हणते, असा सौदा तिनं आजवर बघितला नाही.

डॉक्टरांनी ६ एप्रिलचा सोमवार दिला आहे. उन्हाळ कांद्याची काढणी त्याच्या मागं-पुढं येत असेल तर सांग, तारीख हलवता येईल. मी आठ दिवस रजा टाकते आहे. आईपाशी मी राहीन, तू वावर बघ. आणि आई घरी आल्यावर दोन दिवस मीही येईन. शेततळं मी अजून काठावर उभं राहून बघितलेलं नाही.

डाव्या गुडघ्याचा फॉर्म सोबत आहे. तो मी भरलेला नाही, आपल्या आईचा मी भरायचाही नाही. सुधा मॅडमनी भरला आहे. फक्त 'त्रास केव्हापासून' ही ओळ त्यांना कोरी ठेवायला सांगितली. ती तू लिही. कांद्यात लिहिलंस तरी चालेल. महिने आम्ही करून घेऊ, तुला विचारून.

हर्षाली

पेन घेऊन ये. त्याच पेनानं लिही.